रविवारच्या पानावरचं जाळं आणि त्यातल्या १४ फुल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात सहकारावर अख्खं पान होतं. लेख वाचला, आवडला, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे दिसतं. पण पानाच्या मधोमध जे रंगीत चित्र टाकलंय ना, कुठलं घराणं कुठल्या संस्थेत, कोण कोणाचा व्याही, गोल काढून त्यांना रेषांनी जोडलेलं, ते बघून आधी मला वाटलं माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली शेवया वाळत घातल्यात का कोणी. शेवटी पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. ११ गोल, १७ रेषा, आणि या १७ रेषा एकमेकींना १४ ठिकाणी छेदतायत, म्हणजे १४ फुल्या. थोरल्या घराण्यातून निघालेली लाल रेषा दूध संघावर थांबते की त्याच्या मागून पतसंस्थेकडे जाते हे मला भिंग घेऊनही कळलं नाही, आणि तुमचा अर्धा लेख तर त्याच एका रेषेवर उभा आहे.

मी हे बोलतोय कारण ३१ वर्षं मी हेच काम केलंय. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपात पीसीबीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांचे लेआउट काढायचो, तारांऐवजी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात, त्या कुठून कुठे न्यायच्या ते ठरवायचं. सिंगल साइड बोर्ड म्हणजे तांबं एकाच बाजूला, त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडूच शकत नाहीत, ओलांडले की शॉर्ट. ओलांडायचंच असेल तर वरच्या बाजूने वायरचा तुकडा टाकायचा, त्याला जंपर म्हणतात. एक जंपर म्हणजे दोन भोकं जास्त, दोन सोल्डर जास्त, लाइनवरच्या माणसाचे काही सेकंद जास्त, आणि मग हे सगळं हजार बोर्डांनी गुणा. आमचे मालक लेआउट हातात आला की सर्किट नंतर बघायचे, आधी जंपर मोजायचे. सुरुवातीची काही वर्षं कॉम्प्युटर नव्हताच, लाइट टेबलवर फिल्म टाकायची, त्यावर दुप्पट साइझमध्ये काळी टेप आणि डोनट पॅड चिकटवायचे, आणि रात्री नऊ वाजता लक्षात आलं की एक ट्रॅक अडकलाय तर ब्लेडने टेप उचलून अर्धा बोर्ड पुन्हा. १४ जंपरचा एवढासा बोर्ड मी नेला असता ना तर तो तसाच माझ्याकडे उडत परत आला असता.

तर मी तुमचं चित्र टेबलावर घेतलं. पद्धत साधी आहे, कोणालाही जमेल. ज्या गोलाला एकच रेषा आहे तो नुसता लोंबतोय, तो सगळ्यात शेवटी कुठेही टांगता येतो, म्हणून सध्या खोडायचा. असे तीन निघाले, एक शिक्षण संस्था, एक ट्रस्ट आणि ती पतसंस्था (लाल रेषेचा निकाल मी लेख दोनदा वाचून लावला, ती दूध संघाचीच आहे). ज्या गोलाला दोनच रेषा आहेत तो म्हणजे दोऱ्यात ओवलेला मणी, मणी काढायचा आणि दोरा सरळ धरायचा. असे दोन निघाले, आणि त्यांचे दोरे आधीच असलेल्या रेषांच्या शेजारी जाऊन बसले, म्हणजे त्यांचीही कटकट गेली. राहिले सहा गोल. तीन घराणी, आणि कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ या तीन संस्था. प्रत्येक घराण्याची प्रत्येक संस्थेत माणसं, त्या झाल्या ९ रेषा, वर दोन घराण्यांमधली सोयरिकीची एक.

इथे मला हसू आलं, कारण हे चित्र मी शाळेपासून ओळखतो. तीन घरं आहेत, तिन्ही घरांना पाणी, गॅस आणि वीज द्यायचीय, एकही लाइन दुसरीला न ओलांडता द्या. गणिताचे सर वर्ग शांत ठेवायचा असला की हे कोडं फळ्यावर काढून स्वतः पेपर वाचत बसायचे, आम्ही अख्खा तास पाट्या खराब करायचो. इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनीने ते १९१३ मध्ये छापलं होतं आणि तेव्हाच तो म्हणत होता की कोडं जुनं आहे. उत्तर असं की ते होतच नाही. का होत नाही हे सरांनी कधी सांगितलं नाही, मला ते नोकरीत लागल्यावर कळलं, आणि इतकं सोपं आहे की राग येतो.

ऑयलर नावाच्या गणितज्ञाचा एक नियम आहे. एकसंध चित्र रेषा न छेदता काढलं की गोलांची संख्या वजा रेषांची संख्या अधिक रेषांनी वेढलेल्या खान्यांची संख्या नेहमी २ येते, बाहेरचा मोकळा कागदही एक खाना धरायचा. सोयरिकीची रेषा सध्या सोडा, इथे ६ वजा ९, म्हणजे खाने ५ व्हायला पाहिजेत. आता घराण्यातून निघालेली रेषा संस्थेतच जाते आणि संस्थेतून पुन्हा घराण्यात, त्यामुळे कुठल्याही खान्याला कुंपण घालायला निदान चार रेषा लागतात. पाच खान्यांना वीस. पण एका रेषेला बाजू दोनच, नऊ रेषांच्या अठरा. दोन कमी पडतात, खेळ खल्लास. पोलंडच्या कुरातोव्स्कीने १९३० मध्ये पुढचं दाखवलं, की जगात कुठलंही जाळं न छेदता काढता येत नसेल तर त्याच्या पोटात एक तर हे तीन-तीनचं भांडण असतं किंवा पाच जणांचं, प्रत्येकाची प्रत्येकाशी रेषा असलेलं. तिसरं कारण नाही. मला हे फार आवडतं, म्हणजे बोर्ड जमत नाहीये म्हटल्यावर मालकांना बोट ठेवून दाखवता येतं की साहेब हे बघा इथे अडलंय.

तर तुमच्या चित्रात एक फुली राहणारच, ते मी मान्य करतो. पण एक, चौदा नाही. मी चार वेळा खोडून काढलं आणि एका फुलीवर आणलं, सोयरिकीची रेषा, मणी, लोंबणारे तिघं सगळे धरून.

बाय द वे, घराणी आणि संस्था वाढल्या की काय होतं तेही सांगतो कारण तुम्ही राज्यभराचं असं पान करायच्या विचारात असाल. चार घराणी चार संस्था आणि सगळ्यांचा सगळीकडे हात असेल तर कमीत कमी ४ फुल्या. पाच-पाच असतील तर १६. या हिशोबामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हंगेरीचा गणिती पाल टुरान, १९४४ मध्ये बुडापेस्टजवळच्या वीटभट्टीवर सक्तीच्या मजुरीला होता. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक गोदामापर्यंत छोटे रूळ टाकलेले, विटांनी भरलेली ट्रॉली ढकलत न्यायची. काम एवढं वाईट नव्हतं म्हणे, फक्त जिथे रूळ रुळाला छेदायचा तिथे ट्रॉली उडायची आणि विटा खाली पडायच्या. हा माणूस तिथे उभा राहून विचार करतोय की हे रूळ कमी क्रॉसिंगमध्ये कसे टाकता आले असते. क्रॉसिंगची किंमत मला मालकांनी शिकवली, त्याला विटांनी. आणि गंमत म्हणजे कितीही भट्ट्या आणि कितीही गोदामं असली तरी लागू पडेल असा सूत्राचा अंदाज आहे, वरचे ४ आणि १६ त्यातूनच येतात आणि लहान आकड्यांसाठी ते सिद्ध झालेलं आहे, पण सगळ्या आकड्यांसाठी अजूनही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.

आता माझा भाचा. तो आयटीत आहे, त्याला मी हे सगळं उत्साहाने दाखवलं तर तो म्हणे मामा तू कशाला डोळे फोडतोस, सॉफ्टवेअरमध्ये टाक, दोन सेकंदात काढून देतं. टाकलं. गोल एकमेकांना ढकलतायत, रेषा स्प्रिंगसारख्या ओढतायत, चित्र जरा वेळ थरथरलं, मग स्थिर झालं, आणि दिसायलाही गोंडस आलं. फुल्या ३. भाच्याने पुन्हा चालवलं, फुल्या ५. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या स्प्रिंगवाल्या पद्धतीचं म्हणणं एवढंच असतं की गोल नीट पसरले पाहिजेत, फुल्यांचं तिला काही सोयरसुतक नसतं. कमी आल्या तर नशीब. तुमच्या ग्राफिकवाल्यानेही असंच काहीतरी चालवलं असणार आणि पहिलं जे आलं ते छापलं असणार असा माझा संशय आहे, चुकीचा असेल तर माफ करा.

फुल्यांची काळजी घेणाऱ्या पद्धती वेगळ्या आहेत आणि त्या जुन्या आहेत. एखादं जाळं मुळात न छेदता काढता येतं का, हे तपासायचं काम जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९७४ मध्ये असं बसवलं की गोल दुप्पट झाले तर वेळही साधारण दुप्पटच लागतो. हजारो गोलांचं जाळं असलं तरी कॉम्प्युटर चुटकीसरशी हो किंवा नाही सांगतो. अडचण नाही आल्यावर सुरू होते. नाही तर नाही, मग कमीत कमी फुल्या किती, हे शोधणं फार महाग प्रकरण आहे, १९८३ मध्ये गॅरी आणि जॉन्सन यांनी दाखवून दिलं की ते त्या कुप्रसिद्ध अवघड गटात मोडतं जिथे झटपट पक्कं उत्तर देणारी रीत कोणाकडेच नाही. म्हणून व्यवहारात काय करतात, आधी जमतील तेवढ्या रेषा न छेदता बसवायच्या, उरलेल्या एकेक करून कमीत कमी ठिकाणी ओलांडून न्यायच्या, आणि जिथे फुली पडेल तिथे एक खोटा गोल आहे असं समजायचं. खोटा गोल धरला की फुली संपली, आता सगळं जाळं सुटसुटीत, पुढच्या सगळ्या पद्धती त्याला लागू. शेवटी खोटा गोल पुसून टाकायचा. मी टेबलावर हेच करायचो, फक्त खोट्या गोलाला आम्ही जंपर म्हणायचो.

बरं, न छेदता काढता येतं हे कळलं, पण त्यासाठी रेषा सापासारख्या वळवाव्या लागतील का? तुमच्या चित्रात तर सगळ्या वळवल्यात. गरज नव्हती. न छेदता काढता येणारं कुठलंही जाळं (दोन गोलांत एकच रेषा असेल तर) सगळ्या रेषा पट्टीने सरळ मारूनही काढता येतंच. हे वॅग्नरने १९३६ मध्ये, फारीने १९४८ मध्ये आणि स्टाइनने १९५१ मध्ये, तिघांनी आपापलं सिद्ध केलं, आणि नाव फारीचं लागलं. त्यातली युक्ती मी दुपारी झोप येत नव्हती तेव्हा समजून घेतली. अशा जाळ्यात पाच किंवा त्याहून कमी रेषांचा एक तरी गोल असतोच, हे ऑयलरच्या त्याच नियमातून निघतं. तो गोल उचलून बाजूला ठेवायचा, उरलेलं सरळ रेषांनी काढायचं. तो होता तिथे आता पाच कोपऱ्यांची रिकामी खोली झाली. आणि पाच कोपऱ्यांची खोली कितीही वेडीवाकडी बांधा, एखादी भिंत आत घुसवा, तरी एक जागा अशी असतेच जिथे उभं राहिलं की सगळे कोपरे दिसतात. तिथे तो गोल परत उभा करायचा, त्याच्यापासून कोपऱ्यांपर्यंत सरळ रेषा मारायच्या. सहा कोपऱ्यांच्या खोलीत ही हमी नाही. पाचवर गाडी थांबते म्हणून सगळं जमतं.

सगळ्यात देखणी पद्धत मात्र विल्यम टटची, १९६३ ची. हा तोच माणूस ज्याने दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचं लॉरेन्झ नावाचं सांकेतिक मशीन डोळ्यांनी न बघता नुसत्या संदेशांवरून आतून कसं आहे ते ओळखलं. नंतर कॅनडात वॉटर्लूला प्रोफेसर होता. त्याची कृती एका ओळीत बसते. बाहेरचे गोल एका फुगीर (म्हणजे एकही कोपरा आत न घुसलेल्या) चौकटीवर खिळ्यांनी ठोका, आणि आतला प्रत्येक गोल त्याच्या शेजाऱ्यांच्या बरोबर सरासरी जागेवर ठेवा. बस. जाळं पुरेसं घट्ट असेल, म्हणजे कुठलेही दोन गोल काढले तरी बाकीचं तुटत नसेल, आणि मुळात न छेदता काढता येणारं असेल, तर एकही फुली येणार नाही आणि प्रत्येक खाना फुगीर येईल, हे सिद्ध आहे.

मला खरं वाटेना. मग घरातला एक जुना पाट घेतला, चार कोपऱ्यांना २७ सेंटीमीटरवर चार खिळे ठोकले (यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही), पडद्याच्या चार रिंगा घेतल्या, प्रत्येक रिंग रबरबँडने एका खिळ्याला आणि शेजारच्या दोन रिंगांना बांधली. म्हणजे कागदावर चेपलेला ठोकळाच झाला. सोडलं की चारही रिंगा टुणकन मध्ये येऊन छान चौकोन करून बसल्या. गणिताने आतला चौकोन बरोबर बाहेरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा यायला पाहिजे, म्हणजे ९ सेंटीमीटर. माझा आला साडेदहा. तासभर डोकं खाजवलं. मग कळलं की टटचं रबर हे शून्य लांबीपर्यंत आकसणारं रबर आहे, किराणावाल्याच्या रबरबँडला स्वतःची लांबी असते, ती आतला चौकोन थोडा मोठा ठेवते. भाचीची मुलगी सात वर्षांची, ती रिंग ओढून सोडत बसली, कुठूनही सोडली तरी रिंग तिथेच परत येते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त आवडलं.

आणि आता या देखण्या पद्धतीची खोड सांगतो, कारण पेपरवाल्यांनी तिच्या प्रेमात पडू नये. नवकंकरीचा पट माहितीये ना, एकात एक चौकोन? तसे एकात एक चौकोन घ्या, फक्त कोपऱ्याला कोपरा जोडा. दोन चौकोन असले तर बाहेरचा ३, आतला १, हे पाटावर झालंच. तीन चौकोन असले तर ११, ३, १. चार असले तर ४१, ११, ३, १. मी बसून काढलंय, चुकत नाही, मधला कोणताही आकडा घ्या आणि चारने गुणा, येणारी रक्कम शेजारच्या दोन आकड्यांच्या बेरजेएवढी भरते. पाच चौकोन, म्हणजे फक्त २० गोल, की बाहेरचा १५३ आणि आतला १. आता तुम्ही त्या चित्राला पानावर १५३ मिलिमीटर जागा दिलीत, पंधरा सेंटीमीटरच्या वर, तर सगळ्यात आतला चौकोन १ मिलिमीटरचा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर तुम्हाला चार नावं छापायचीयत. फुली एकही नाही, गणित शंभर टक्के बरोबर, आणि वाचणाऱ्याला मध्ये शाईचा ठिपका. प्रत्येक वेढ्याला आकार पावणेचार पटीच्या आसपास लहान होत जातो, त्यामुळे मोठा कागद घेऊनही फार काही हाती लागत नाही.

याला उतारा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. गोल कुठेही ठेवायचा नाही, ठिपक्यावरच ठेवायचा, मग दोन गोल एकमेकांच्या उरावर बसूच शकत नाहीत. प्रश्न एवढाच की किती ठिपक्यांची रांगोळी लागेल, आणि लोकांना बरीच वर्षं भीती होती की ती पण अशीच अफाट फुगेल. १९९० मध्ये दोन उत्तरं छापून आली. पहिलं यानोश पाख, रिचर्ड पोलॅक आणि त्यांच्या एका फ्रेंच जोडीदाराचं. त्यांची रीत मला लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी वाटते. खाली दोन गोल बसवून सुरुवात करायची, मग एका ठरावीक क्रमाने एकेक गोल वरून येतो आणि म्हणतो सरका जरा, त्याच्या खालचे ज्यांच्याशी त्याचा संबंध आहे ते डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे एकेक ठिपका सरकतात, आणि तो मधल्या मोकळ्या जागेच्या वर येऊन बसतो. सरकताना कोणाची रेषा कोणावर चढत नाही हे त्यांनी सिद्ध केलंय, लोकलमध्ये ही हमी नसते. २० गोलांना आडवे ३६ आणि उभे १८ घरं पुरतात.

दुसरं उत्तर वॉल्टर श्नायडरचं आणि ते मला जास्त आवडतं. आधी खोट्या रेषा टाकून सगळे खाने त्रिकोणी करून घ्यायचे. आतल्या रेषांना तीन रंगांपैकी एकेक रंग असा द्यायचा की प्रत्येक रंगाचं एक झाड होईल, तिन्ही झाडांची मुळं बाहेरच्या तीन कोपऱ्यांवर. म्हणजे आतल्या कुठल्याही गोलापासून तीन वाटा निघतात, तीन कोपऱ्यांना जातात, आणि चित्राचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात किती गोल येतात ते मोजायचं (थोडी वजाबाकी आहे, ती इथे सोडतो), ते आकडे म्हणजेच त्या गोलाचा रांगोळीवरचा पत्ता. नुसतं मोजून! ना सरकवासरकवी ना रबर. आणि २० गोलांना १८ बाय १८ घरं पुरतात, म्हणजे एका ओळीत १९ ठिपके. तुमच्या त्याच १५३ मिलिमीटरच्या जागेत दोन ठिपक्यांत साडेआठ मिलिमीटर अंतर पडतं, लहान टायपात एक आडनाव बसतं तेवढ्यात.

तरीपण श्नायडर जसाच्या तसा छापा असं मी म्हणणार नाही, त्याच्या चित्रात लांबच लांब सुळक्यांसारखे त्रिकोण येतात आणि गोल एका बाजूला गोळा होतात, बघायला बरं नाही वाटत. त्याच्यावरून कोण कुठे बसतो हे घ्यायचं आणि मग हाताने थोडं सैल करायचं, फुली न आणता. डोळ्याला नेमकं काय खुपतं यावरही प्रयोग झालेत. हेलन पर्चेस या बाईंनी १९९७ मध्ये माणसांना खरंच वेगवेगळी जाळी दाखवून प्रश्न विचारले, तर सगळ्यात जास्त घोळ फुल्यांमुळे होतो असं निघालं, रेषांची वळणं आणि चित्राचा सारखेपणा यांचा परिणाम त्यापेक्षा कमी. आणि फुली टाळता येत नसेल तर ती काटकोनाच्या जवळपास ठेवावी, तिरकी घासत गेलेली फुली डोळा चुकवते. तुमच्या १४ मधल्या निदान ९ तशा घासणाऱ्या आहेत. जुन्या सर्किटच्या ड्रॉइंगमध्ये एक रेषा दुसरीवरून छोटा पूल करून उडी मारायची, ती पद्धत कोणी बंद केली माहीत नाही, मला तर तीच बरी वाटते.

तुम्हाला आडव्याउभ्या रेषाच हव्या असतील, मेट्रोच्या नकाशासारख्या, तर त्याचीही सोय आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध १९३३ चा नकाशा हॅरी बेकने काढला, तोही ड्राफ्ट्समनच होता, आमच्याच पंथातला, सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात. त्याने ते डोळ्याने केलं. प्रत्येक गोलाला चारपेक्षा जास्त रेषा नसतील आणि न छेदणारी मांडणी आधीच ठरलेली असेल तर निव्वळ आडव्याउभ्या रेषांत कमीत कमी कोपरे मोडून चित्र कसं काढायचं, हे इटलीच्या तमासियाने १९८७ मध्ये पाटबंधाऱ्याच्या हिशोबासारखं सोडवून दाखवलं. प्रत्येक गोल म्हणजे टाकी, तिच्यात चार काटकोन पाणी, ते आजूबाजूच्या खान्यांना वाटायचं, आणि ज्या खान्याला पाणी कमी पडेल त्याला शेजारच्या खान्यातून बांध फोडून द्यायचं. जितक्या वेळा बांध फोडाल तितकी वळणं. कमीत कमी खर्चात पाणी पोचवलं की कमीत कमी वळणांचं चित्र तयार. हे मला कामावर असताना माहीत असतं ना तर माझ्या आयुष्यातल्या किती रात्री वाचल्या असत्या. तुमच्या चित्राला मात्र हे सरळ लागू होणार नाही कारण थोरल्या घराण्याला सहा रेषा आहेत, त्याचा गोल ताणून लांबट चौकोन करावा लागेल. घराणंही लांबटच आहे म्हणा.

पत्र फार लांबलं, कापायचं असेल तर पाट आणि रबरबँडचा भाग कापा, बायकोने तसंही सुचवलंय. सोबत मी नव्याने काढलेलं चित्र पाठवतोय, शाळेच्या चौकटीच्या वहीच्या कागदावर, ११ गोल, १७ रेषा, १ फुली, काटकोनात, वर छोटा पूल केलाय. फुली कुठे टाकायची हे आपल्या हातात असतं, नऊपैकी ज्या दोन रेषांना टोक सामायिक नाही आणि शेजारी मण्याचा दोरा नाही अशी कुठलीही जोडी निवडता येते. मी धाकट्या घराण्याची बँकेची रेषा आणि मधल्या घराण्याची दूध संघाची रेषा एकमेकींवरून नेलीय. त्यांच्यापैकी कोणाचा फोन आला तर कळवा, अर्ध्या तासात दुसरीकडे हलवून देतो.

आपला,
एक निवृत्त लेआउटवाला
चिंचवड, पुणे